घरच्या कंप्युटरचं अपडेट: आधी काय, मग काय, आणि घोडं कुठे अडतं

“अपडेट केलंय की, परवाच,” असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा कंप्युटर उघडून बघितला की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. अपडेट डाउनलोड होऊन बसलंय, ‘रिस्टार्ट नाउ’चं बटण वाट बघतंय आणि मालक रोज रात्री इमानेइतबारे शट डाउन करून झोपतोय. दुसरा प्रकार याच्या उलट: रविवारी दुपारी उत्साहाने विंडोज, ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर (यंत्राचा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) आणि बायॉस (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनमधला मूळ प्रोग्रॅम) असं सगळं एका दमात उरकायचं आणि संध्याकाळी आवाज येईनासा झाला की कशामुळे ते कळत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा.

दोन्हींत चूक क्रमाची आहे. इथे विंडोज असलेल्या घरच्या कंप्युटरपुरतं बोलतोय. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत आणि ती विंडोज ११ ची आहेत. १० मध्ये काही नावं आणि जागा वेगळ्या आहेत.

टप्पा १: आपल्याकडे काय आहे ते आधी बघा

विंडोजचं बटण दाबून ठेवून ‘आर’ दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात ‘विनव्हर’ टाइप करायचं, म्हणजे इंग्रजीत ‘विंडोज’ची पहिली तीन अक्षरं आणि ‘व्हर्जन’ची पहिली तीन, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबलं की आवृत्ती आणि बिल्डचा आकडा दिसतो. तो एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. ही वही शेवटपर्यंत लागणार आहे.

तिथे विंडोज १० दिसलं, तर आधी एक निर्णय घ्यावा लागेल. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतरच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत जाहीर केली, पण ते आपोआप येत नाहीत, नोंदणी करावी लागते. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाउ’ ही ओळ दिसते, तिथून करायचं. “माझं तर रोज अपडेट होतंय” असं म्हणणाऱ्या अनेकांना डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसच्या, व्हायरस-यादीचे रोजचे छोटे अपडेट दिसत असतात. ते आणि विंडोजमधली भोकं बुजवणारे मासिक अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विंडोज ११ वर जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून बघा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही ढोबळ अट. ४ जीबी रॅमवर ते चालतं, पण चालतं म्हणजे फक्त चालतं. टीपीएम नाही असं उत्तर आलं तर लगेच निराश होऊ नका. पुष्कळ असेंबल केलेल्या कंप्युटरांत तो असतो, बायॉसमध्ये बंद करून ठेवलेला असतो एवढंच.

तपासा: सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. तिथे ‘ॲक्टिव्ह’ असं दिसलं पाहिजे. शिवाय विंडोज अपडेटच्या पानावर ‘सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं वाक्य दिसत असेल आणि कंप्युटर घरचा असेल, तर ही ऑर्गनायझेशन कोण? बहुधा ज्याने मशीन जोडून दिलं त्यानेच अपडेट बंद करून ठेवलेत, कारण आत टाकलेली विंडोज चोरीची आहे. अशा मशीनवर पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही. आधी लायसन्स घ्या आणि विंडोज स्वच्छ टाकून घ्या.

टप्पा २: तयारी

लोक सगळ्यात जास्त हाच टप्पा गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिलं, बॅकअप. अपडेटने सहसा फायली जात नाहीत. पण आठ वर्षांची हार्ड डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही, आणि अपडेटच्या वेळी तिला जेवढं काम पडतं तेवढं एरवी पडत नाही. बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे चार फोल्डर तिच्यावर उतरवा. टॅली वापरत असाल तर तिचा बॅकअप टॅलीतून वेगळा घ्या. जुन्या श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टांत टाइप केलेली पत्रं, पत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं असतील तर त्या फॉन्टच्या फायलीही सोबत घ्या. नाहीतर उद्या विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की मजकूर शाबूत असेल, पण दिसेल ती नुसती किडामुंगी अक्षरं.

कॉपी झाल्यावर त्या डिस्कवरचा एक फोटो आणि एक कागद उघडून बघा. उघडले तरच बॅकअप झाला असं समजा. मग डिस्क काढून कपाटात ठेवा, जोडलेली राहू देऊ नका.

सावधान: ‘रिस्टोअर पॉइंट’ म्हणजे बॅकअप नव्हे. त्यातून विंडोजच्या सेटिंग्ज आणि ड्रायव्हर मागे जातात, पुसलेले फोटो परत येत नाहीत.

दुसरं, ४८ आकडी किल्ली. ही गोष्ट मी स्वतः ठेच लागून शिकलो. शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपचं बायॉस अपडेट केलं, तो पुन्हा सुरू झाला आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागत बसला. अठ्ठेचाळीस आकडे. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “कसली की? मला तर पासवर्डसुद्धा चारच आकड्यांचा ठेवून दिलाय.” लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या मुलाने सुरुवातीची मांडणी करताना स्वतःचाच ईमेल टाकला होता, आणि किल्ली त्याच्या खात्यात जाऊन बसली होती. मुलगा सापडला, फोनवर आकडे सांगितले, सुटलो. तो नोकरी सोडून गेला असता तर काकूंच्या नातवाचे सगळे फोटो त्या पडद्यामागेच राहिले असते.

म्हणून आजच बघा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप बहुतेक वेळा आपोआप चालू असतं. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ब्राउझरमधून शिरा, ‘डिव्हाइसेस’मध्ये आपला कंप्युटर निवडा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा. सोबत ‘की आयडी’ही लिहा, कारण खात्यात दोन-तीन किल्ल्या असल्या तर कुठली कुणाची ते त्यावरूनच कळतं. कागद लॅपटॉपच्या बिलाबरोबर फाइलमध्ये ठेवा. त्याचा फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणारेही भेटलेत.

तपासा: सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो. तिथला ईमेल तुमचा आहे का?

तिसरं, जागा. सी ड्राइव्हवर मासिक अपडेटसाठी १० जीबी तरी मोकळे असू द्या. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीसाठी २० ते २५. जागा कमी पडली तर अपडेट निम्म्यावरून परत फिरतं आणि ‘0एक्स८००७००७०’ असा आकडा दाखवतं. त्याचा अर्थ एवढाच की डिस्क भरली. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून साफसफाई करा.

सावधान: त्या यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचीही एक ओळ असते. तिथे टिक करू नका. मुलांची मार्कशीट, विम्याची पॉलिसी, वीजबिलं हे सगळं लोकांचं तिथेच पडलेलं असतं आणि इथून पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

चौथं, वीज आणि नेट. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, बॅटरी शंभर टक्के असली तरी लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि साधा असे दोन मोड असतात, आणि साध्या मोडवर दिवे गेले की पंखा चालू राहतो पण कंप्युटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अपडेटच्या मधोमध नेमका तो क्षण नको. आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी, त्यामुळे बुधवारी रात्री मी मोठं काही हातात घेत नाही. तुमच्याकडचा वार तुम्हाला ठाऊक असेल.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर आधी डेटाचा हिशेब करा. मासिक अपडेट काहीशे एमबीपासून जीबीच्या घरात जाऊ शकतं, मोठी आवृत्ती कित्येक जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती मावत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, म्हणजे विंडोज परस्पर डेटा संपवणार नाही. पण मग महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ब्रॉडबँडवर लॅपटॉप घेऊन जायचं हे विसरलात, तर ‘मीटर्ड’ म्हणजे ‘अपडेट बंद’ असाच त्याचा अर्थ होतो.

टप्पा ३: दिवस निवडा

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे तुम्हाला ते दिसतात बुधवारी सकाळी. त्याच दिवशी झडप घालायची गरज नाही. त्यानंतर येणारा शनिवार-रविवार हा माझ्या मते घरच्या मशीनसाठी सगळ्यात बरा. एखाद्या अपडेटमध्ये दोष असेल तर तोपर्यंत बोंब झालेली असते.

चार-पाच दिवस थांबणं आणि चार-पाच महिने थांबणं यांत मात्र फरक आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या भोकातून जगभरचे कंप्युटर १२ मे २०१७ ला ओलीस धरले, ते भोक बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने कमी नव्हते.

घरून कर-सल्ल्याचं किंवा हिशेबाचं काम करणाऱ्यांनी आणखी एक गणित मांडावं. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत पडतो. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांत जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०. भरणा तोंडावर असताना डिजिटल सहीचं टोकन ओळखेनासं झालं तर रडायचं कुणापाशी? तुम्ही २० तारखेनंतरचा रविवार धरा. मधल्या काळासाठी विंडोज अपडेटच्या पानावर ‘पॉज’ आहे, एक ते पाच आठवड्यांपर्यंतचा. त्या रविवारापर्यंत पुरतील तेवढेच आठवडे निवडा.

तिथेच ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ असं एक बटण आहे, ते बंद ठेवा. महिन्याच्या शेवटी येणारे ‘प्रिव्ह्यू’ नावाचे अपडेटही सोडून द्या. त्यांतल्या सुधारणा पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये येतातच, आधी चव घेण्याचं काम दुसऱ्या कुणाला करू द्या.

टप्पा ४: विंडोज, आणि फक्त विंडोज

१. उघडे कागद सेव्ह करा, सगळे प्रोग्रॅम बंद करा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड काढून ठेवा. कीबोर्ड आणि माउस पुरेत.

२. आधी एकदा साधं रिस्टार्ट करा. अपडेटच्या आधी.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तेव्हा मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारतो आणि ‘अप टाइम’ दाखवतो. रोज रात्री बंद होणाऱ्या कंप्युटरवर तिथे २३ दिवस दिसतात. कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शट डाउन म्हणजे विंडोज गाढ झोपते, मरत नाही. सकाळी ती तिथूनच उठते. खरी नवी सुरुवात होते ती रिस्टार्टने. अर्धवट राहिलेलं जुनं काही असेल तर ते या रिस्टार्टमध्ये मार्गी लागतं, आणि नवं अपडेट स्वच्छ जागेवर बसतं.

३. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ‘चेक फॉर अपडेट्स’. जे येईल ते डाउनलोड होऊ द्या.

४. ‘रिस्टार्ट नाउ’ दिसलं की दाबा. स्टार्ट मेनूतून करणार असाल तर ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ निवडा. नुसतं ‘शट डाउन’ नव्हे.

५. आता हात मागे. टक्के वाढतील, थांबतील, कंप्युटर एकदा-दोनदा आपोआप बंद-चालू होईल. एसएसडी असेल तर चहा होईपर्यंत आटोपतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर दोन तास लागले तरी नवल नाही.

सावधान: ‘डोन्ट टर्न ऑफ युअर कंप्युटर’ दिसत असताना आकडा तीस टक्क्यांवर अर्धा तास अडला म्हणून बटण दाबू नका. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय का ते बघा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे. घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा, विशेषतः झोपायच्या आधी घरभर फिरून मेन स्विच बंद करणाऱ्यांना. काकूंच्या घरी ते काम काका करतात आणि निष्ठेने करतात.

६. डेस्कटॉप दिसला की पाच मिनिटं शांत राहू द्या आणि पुन्हा ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. पहिलं बसल्यावर त्याच्या मागचं दुसरं दिसतं, असं अनेकदा होतं. ‘यू आर अप टू डेट’ येईपर्यंत हे चालू ठेवा. बरेच महिने अपडेट न केलेल्या मशीनला तीन-चार फेऱ्या लागू शकतात.

तपासा: ‘अपडेट हिस्टरी’ उघडा. सगळ्यात ताज्या अपडेटच्या ओळीसमोर ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ आणि आजची तारीख पाहिजे. ‘फेल्ड’ असेल तर त्या ओळीतला ‘केबी’ने सुरू होणारा आकडा वहीत लिहा. मग विनव्हर पुन्हा चालवून नवा बिल्ड जुन्याशी ताडून पाहा. आकडा बदलला नसेल तर अपडेट झालेलं नाही, पडद्यावर काहीही लिहिलेलं असो.

यानंतर त्या दिवशी फक्त टप्पा ५ करा. ड्रायव्हरला हात लावू नका. दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा: एक प्रिंट काढा, एक व्हिडिओ कॉल करा, मराठी टाइप करून बघा. बिघडलेलं काही असेल तर आत्ता कळेल आणि कशाने बिघडलं हेही कळेल. प्रिंटर ‘गेला’ असं वाटलं तर आधी सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट प्रिंटर कुठला आहे ते बघा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ चालू असेल तर विंडोज शेवटी वापरलेल्या प्रिंटरलाच डीफॉल्ट करते, आणि तो कधीकधी पीडीएफ काढणारा खोटा प्रिंटर असतो. कागद बाहेर येणार कुठून?

टप्पा ५: ब्राउझर

बँक, आधार, प्रवेशाचे अर्ज सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे खरं तर हा विंडोजइतकाच महत्त्वाचा. पण करायला सोपा. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. फायरफॉक्समध्येही मेनू, हेल्प, अबाउट. ते पान उघडलं की तपासणी आपोआप सुरू होते.

इथेही चूक तीच. अपडेट उतरलेलं असतं, ‘रीलाँच’ केलेलं नसतं. चाळीस टॅब उघडे ठेवून महिनोन्महिने लॅपटॉप नुसता मिटणाऱ्यांचं क्रोम जुनंच चालत राहतं. रीलाँच केल्यावर साधे टॅब परत येतात, इन्कॉग्निटोचे येत नाहीत. अर्धा भरलेला अर्ज असेल तर आधी तो पाठवा. वापरत नसलात तरी मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही अद्ययावत ठेवा, तो विंडोजसोबत येतो आणि काही दुवे त्याच्यातच उघडतात. एक्स्टेन्शनांची यादीही याच बैठकीत बघून घ्या. ओळखीची न वाटणारी काढून टाका.

टप्पा ६: बाकीचे प्रोग्रॅम

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. पूर्ण यादी खाली ओढत बघा आणि आधी काढून टाकण्याचं काम करा. जे नाही त्याला अपडेट लागत नाही. फ्लॅश प्लेयर अजून कुठे दिसला तर तो पहिला घालवा, ॲडोबीने २०२० संपताना त्याचा आधार काढून घेतला. जावा कशासाठी टाकलं होतं ते आठवत नसेल तर तेही. मात्र डिजिटल सहीच्या एखाद्या युटिलिटीला लागत असेल, तर काढण्याआधी विचारून घ्या.

उरलेल्यांत दोन गट पडतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेले प्रोग्रॅम स्टोअर उघडून ‘लायब्ररी’ किंवा ‘डाउनलोड्स’च्या पानावरून एकत्र अपडेट होतात. ऑफिससाठी विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘रिसीव्ह अपडेट्स फॉर अदर मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट्स’ चालू करा, पण वर्ड उघडून फाइल, अकाउंट, अपडेट ऑप्शन्स इथेही एकदा बघा.

दुसरा गट खरा डोकेदुखीचा, कारण ते प्रोग्रॅम स्वतःहून अपडेट होत नाहीत. दाबून बांधलेल्या फायली उलगडणारं विनरार हे घरोघरी सापडणारं उदाहरण. २०२५ च्या जुलैअखेर त्यातलं एक गंभीर भोक ७.१३ या आवृत्तीत बुजवलं गेलं. फसवी फाइल नुसती उलगडली तरी हल्लेखोराचा प्रोग्रॅम भलत्या फोल्डरमध्ये जाऊन बसत होता. पण विनरार तुम्हाला आणून काही देत नाही. तुम्ही साइटवर जाऊन नवी आवृत्ती उतरवली तरच. सेव्हन-झिपचंही तसंच. व्हीएलसीमध्ये निदान हेल्पखाली ‘चेक फॉर अपडेट्स’ आहे.

ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटत नाही त्यांनी टर्मिनल उघडून ‘विंगेट अपग्रेड’ हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत टाकावेत. कशाकशाची नवी आवृत्ती आली आहे याची यादी येते. सगळं एकदम चढवायचीही सोय आहे, पण मी ती वापरत नाही. यादी बघतो आणि एकेक करतो.

सावधान: ‘तुमच्या सगळ्या ड्रायव्हरांचं आणि प्रोग्रॅमांचं अपडेट एका क्लिकवर’ असं सांगणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. आणि एखादं पान बघताना मध्येच ‘युअर क्रोम इज आउट ऑफ डेट’ म्हणून मोठं बटण आलं तर ते खोटं आहे. टॅब बंद करा. क्रोम आपलं अपडेट कधीच कुठल्या वेबसाइटच्या पानातून फाइल देऊन करत नाही. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या विंडोजचं अपडेट संपलंय’ असा फोन आला तर ठेवून द्या. त्यांच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं दुरून कंप्युटर चालवू देणारं काही टाकलं असेल तर आधी नेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

टप्पा ७: ड्रायव्हर आणि बायॉस, गरज असेल तरच

इथे माझा नियम बाकीच्या टप्प्यांच्या उलटा आहे. चालतंय तर राहू द्या.

‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ आहे, त्यात ड्रायव्हरांची यादी येते. दिसेल त्याला टिक करून टाकणं ही सर्रास होणारी चूक. आवाजाचा त्रास असेल तर आवाजाचा ड्रायव्हर, वायफाय तुटत असेल तर वायफायचा, आणि तोही शक्यतो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमचा नेमका मॉडेल क्रमांक टाकून. एका दिवशी एकच.

जाता जाता: डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलच्या एखाद्या चिपसेट ड्रायव्हरची तारीख १८ जुलै १९६८ दिसली तर दचकू नका. ती कंपनीच्या स्थापनेची तारीख आहे. मुद्दाम जुनी टाकलेली असते, म्हणजे खास तुमच्या मशीनसाठीचा ड्रायव्हर असेल तर विंडोज तो वर धरते. तो ‘जुना’ ड्रायव्हर बदलायला कुणी पैसे मागितले तर माणूस बदला.

बायॉस अपडेट करायचं तर चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, ४८ आकडी किल्ली हातात. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर आधी ‘सस्पेंड’ करा. कंपनीने दिलेली टीप वाचा आणि फायदा कळत नसेल तर सोडून द्या. सिक्युअर बूटचं, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचेच प्रोग्रॅम चालू देणाऱ्या सोयीचं, मात्र वेगळं आहे: त्याची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून बाद व्हायला लागतात, आणि नवी येतात ती घरच्या मशीनवर मुख्यतः विंडोज अपडेटमधूनच. अपडेट कायमचे ‘पॉज’ करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

टप्पा ८: बिघडलंच तर

घाई करू नका, आणि लगेच ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याला बोलावू नका. पुढचे उपाय याच क्रमाने करा.

कंप्युटर चालू होतोय पण काहीतरी बिनसलंय असं असेल, तर अपडेट हिस्टरीच्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. वहीतल्या तारखेचं अपडेट काढा, रिस्टार्ट करा, आणि एक आठवडा पॉज. वर्षाची मोठी आवृत्ती टाकल्यावर बिघडलं असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ मिळतं. पण फक्त १० दिवस. त्यानंतर विंडोज जुन्या आवृत्तीचं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर पुसून टाकते. जागा हवी म्हणून ते फोल्डर स्वतःच आधी उडवलं असेल तर परतीचा रस्ता तुम्हीच बंद केलाय.

चालूच होत नसेल, तर सुरू होताना लोगो दिसल्यावर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडते. एरवी जे करू नका म्हणालो तेच इथे करायचंय, पण ‘डोन्ट टर्न ऑफ’ लिहिलेलं नसताना. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे ‘क्वालिटी’ म्हणजे मासिक आणि ‘फीचर’ म्हणजे मोठी आवृत्ती. आधी क्वालिटी काढून बघा. या वाटेवर किल्ली मागितली जाऊ शकते, कागद जवळ ठेवा.

अपडेट बसायलाच तयार नसेल, दर वेळी ‘फेल्ड’, तर सी ड्राइव्हची जागा पुन्हा बघा, घड्याळाची तारीख बरोबर आहे का बघा, बाहेरून विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढा आणि एक फेरी करा. तरीही नाही झालं तर विंडोज ११ मध्ये रिकव्हरीच्या पानावर ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ आहे. तिथलं ‘रीइन्स्टॉल नाउ’ दाबलं की आहे तीच आवृत्ती नव्याने उतरते आणि जागेवर बसते. फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज राहतात. त्याच पानावर ‘रिसेट धिस पीसी’ही आहे, त्याच्यावर बोट पडू देऊ नका, त्यात प्रोग्रॅम जातात. कित्येक जीबी उतरतील, त्यामुळे ब्रॉडबँडवर करा, चार्जर लावा, आणि काकांना आधी सांगा.